थोरलीची करवत

थोरलीला घरात थोरली म्हणायला लागले ते धाकटी जाऊ आल्यापासून. त्याआधीची वीस वर्षं घरात एकच सून होती, त्यामुळे वेगळं काही म्हणायची गरजच पडली नव्हती. हे नाव तिला पहिल्या दिवसापासून खुपलं, पण सांगणार कुणाला?

ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायची. तळमजल्यावर मागच्या बाजूला एका लांबट खोलीत तिचं टेबल होतं. पाठ मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं तिच्याकडे यायची. ती त्यांची जुनी शिवण उसवायची, टोच्यानं नवी भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायची आणि सरस लावून शिकंज्यात दाबून ठेवायची. पुठ्ठा कापताना पट्टी न धरताही तिचा हात सरळ जायचा. या हाताचा तिला अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नव्हता.

घरातली मोडतोडही तीच निस्तरायची. कपाटाचं दार लटकलं, खिडकीची खिटी निसटली, खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला, की सासूबाई म्हणायच्या, "ती आली की बघेल." नवऱ्याच्या हातात स्क्रू दिला तर तो आधी विचारायचा, कुठल्या बाजूनं फिरवू? त्यामुळे हातोडी, पकड, दोन पेचकस, हातकरवत आणि रंधा ठेवलेली लोखंडी पेटी तिच्या पलंगाखाली असायची आणि तिला विचारल्याशिवाय त्या पेटीला कुणी हात लावायचं नाही.

धाकट्या दिरानं लग्न केलं ते चाळिशीला टेकल्यावर. धाकटी प्रदर्शनाचे स्टॉल उभे करणाऱ्या कंपनीत कामाला होती. दोन दिवसांत शंभर स्टॉल उभे करायचे आणि पाचव्या दिवशी सगळे मोडून गाडीत घालायचे, असं तिचं काम. ती घरी आली ती कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक जड पेटी घेऊन. पेटीत ड्रिल मशीन, जिगसॉ म्हणजे उभ्या बारीक पात्याची विजेची करवत, पॉलिश करायचं मशीन आणि डब्यांत आकारानुसार लावलेली ड्रिलची बिट्स. वरच्या मजल्यावर त्यांचा संसार थाटायचा होता. तीन खोल्यांच्या पडद्यांच्या दांड्या लावायच्या राहिल्या होत्या आणि थोरली म्हणाली होती, सुट्टीच्या दिवशी मी लावून देते. धाकटीनं त्या एका सकाळी लावल्या. खालच्या मजल्यावर याच कामाला थोरलीला हातोडी आणि छिन्नी घेऊन दोन दिवस लागले होते, आणि गिलावा निघाला होता तो वेगळाच.

"अगं, आवाज कसला येतोय म्हणेपर्यंत पडदे लागलेसुद्धा," सासूबाई तिला सांगत होत्या. थोरलीनं "हो का" एवढंच म्हटलं. नंतर वाळलेले कपडे देण्याच्या निमित्तानं ती वर गेली आणि कुणी बघत नाही असं पाहून दांडी हातानं ओढून पाहिली. दांडी हलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा ओढून पाहिली. तेव्हाही हलली नाही.

वर्ष-दीड वर्षात घरातली कामं एकेक करून वरच्या मजल्यावर गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. धाकटी समोर असायची, मशीन तिच्याकडे होतं आणि ती नाही म्हणायची नाही. थोरली कामावरून यायची तेव्हा नळाखालचा कप्पा बसलेला असायचा, नाहीतर चपलांच्या कपाटाचं दार सरळ झालेलं असायचं. नवरा कौतुकानं दाखवायचा, बघ किती सफाईनं केलंय. ती वाकून बघायची आणि काहीतरी खोट शोधायची. एकदा तिला एक स्क्रू किंचित तिरका सापडला तर तिचा अख्खा दिवस चांगला गेला. आपण असं का करतोय हे तिला कळत होतं. कळून थांबता येत नव्हतं.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. लागलं फारसं नाही, पण गुडघा सुजला. भिंतीला धरायला एक मजबूत दांडी हवी असं ठरलं. थोरली म्हणाली, रविवारी करते. गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा धाकटी न्हाणीघरात उभी राहून टाइलवर खुणा करत होती. सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, कारण रविवारपर्यंत त्यांना भीती वाटत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती दारात उभी राहिली, कारण निघून गेली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं.

धाकटीनं केस घट्ट वर बांधले होते, डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा चढवला होता. टाइलवर खूण होती तिथं तिनं कागदी चिकटपट्टी फुलीसारखी लावली, म्हणजे बिट घसरणार नाही. मग तिनं वळून विचारलं, "ताई, या भिंतीतून पाइप कुठून गेलाय, आठवतंय का?"

थोरलीला आठवत होतं. न्हाणीघर नवीन केलं तेव्हा ती रोज गवंड्याच्या डोक्यावर उभी होती. पाइप नळापासून सरळ वर न जाता मध्येच डावीकडे वळला होता.

"नाही बाई," ती म्हणाली.

धाकटीनं क्षणभर भिंतीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, आपण इथं नकोच, आणि तिनं सगळ्या खुणा पुसून दांडी खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर घेतली, जिथं पाण्याचं काही असण्याचं कारण नव्हतं. मशीनचा ठोके मारणारा खटका बंद करून तिनं टाइलला अगदी हळू भोक पाडलं. थोड्या थोड्या वेळानं ओलं फडकं लावून बिट गार करायची. टाइल पार होऊन विटा लागल्यावरच तिनं तो खटका चालू केला. टाइल तडकावी असं थोरलीला त्या पाचही मिनिटांत मनापासून वाटत होतं. एकही तडकली नाही. सासूबाईंनी दांडीला धरून उठून पाहिलं, बसून पाहिलं, आणि धाकटीच्या गालावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी थोरलीला जेवण गेलं नाही. पाइपाबद्दल आपण खोटं बोललो, ते भोक तिथंच पडलं असतं तर काय झालं असतं, हे तिच्या डोक्यातून जाईना. आणि त्याहून जास्त तो गालावरून फिरलेला हात जाईना.

शनिवारी ती तीन गल्ल्या पलीकडच्या हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदार साठीचा होता. तरुणपणी कानात काही न घालता मशीनवर काम केल्यानं त्याचा डावा कान गेला होता, त्यामुळे तो उजवा कान पुढे करून ऐकायचा. त्यानं विचारलं, काय बनवायचंय, कशात, आणि वर्षातून किती वेळा? थोरली म्हणाली, बाक बनवायचाय. सासूबाईंना दारापाशी बसून चपला घालता येतील असा. ही गोष्ट सासूबाई धाकटीजवळ बोलल्या होत्या आणि धाकटी म्हणाली होती, प्रदर्शन संपलं की बघू. प्रदर्शन संपायला दहा दिवस होते.

दुकानदार म्हणाला, एका बाकासाठी मोठं मशीन कशाला घेता? फळ्या लाकडाच्या वखारीतच मापानं कापून घ्या आणि स्क्रूसाठी हातात बसेल असं बॅटरीचं छोटं ड्रिल न्या. पुढेही घरी कापायचं असेल तर जिगसॉ बरा, चुकला तरी तो माणसाला लवकर माफ करतो. त्यानं एक ड्रिल तिच्या हातात दिलंसुद्धा आणि म्हणाला, दोन मिनिटं हात लांब करून धरा, मनगट दुखलं तर ते तुमचं नाही.

"धाकटीकडे नसलेलं काय आहे?" थोरलीनं विचारलं. मग सावरून म्हणाली, "म्हणजे, मोठ्यातलं."

अशी तिनं गोल पात्याची विजेची करवत घेतली. दुकानदारानं ती बांधून देण्याआधी खालचं झाकण दाखवलं. पात्याच्या खालच्या भागावर एक स्प्रिंगचं झाकण होतं. कापताना ते आपोआप मागे सरायचं आणि लाकूड संपलं की टपकन परत यायचं. ते त्यानं दोनदा सरकवून दाखवलं. हे कधी बांधून ठेवायचं नाही, तो म्हणाला, कितीही अडलं तरी. थोरलीनं मान हलवली. त्यानं चष्मा आणि कानात घालायचे बोळे दिले, ते तिनं घेतले.

पुढच्या रविवारी सकाळी दोघे भाऊ आईला घेऊन तिच्या बहिणीकडे गेले. धाकटी प्रदर्शनाच्या जागी होती. थोरलीनं करवत, वखारीतून आणलेल्या फळ्या आणि दोन खुर्च्या गच्चीवर नेल्या. माहितीपुस्तक तिनं अर्धं वाचलं, पुढची चित्रं बघून सोडून दिली. आपण अठ्ठावीस वर्षं पात्यांशी खेळतोय, आपल्याला काय सांगता, असं तिला वाटलं.

आधी तिनं कडेच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून पाहिल्या. प्रत्येक वेळी सुरुवातीला झाकण लाकडाच्या कडेला अडायचं आणि रेघ हलायची. चार पट्ट्या वाकड्या झाल्या. वाकडी कड घेऊन ती धाकटीसमोर जाणार नव्हती. तिनं खिशातला मेणाचा दोरा काढला, झाकण मागे ओढलं आणि वर बांधून टाकलं. पाचवी पट्टी सुरेख सरळ आली. तिनं ती उन्हात धरून दोनदा निरखली.

मग तिनं मोठी फळी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, पात्याच्या नीट मागे उभी राहिली आणि बरोबर मधून कापायला घेतली. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर फळी मधून खाली झुकली, चीर मिटली आणि पातं तिच्यात अडकलं. मशीननं एकदम उलट उसळी घेतली. तिला हात सोडायचाही वेळ मिळाला नाही. करवत फळीवरून मागे उडाली, तिच्या जाड अ‍ॅप्रनमधून उजव्या मांडीला घासून गेली आणि खाली पडून फिरत्या पात्यावर फरशीवरून सरपटत कठड्याला जाऊन थडकली. थोरली खाली बसली. तिला वाटलं, नुसता धक्का बसलाय. मग तिनं अ‍ॅप्रन बाजूला केला.

धाकटी तेव्हाच जिन्यात होती. बिट्सचा एक डबा घरी राहिला म्हणून ती घ्यायला आली होती. गच्चीवर करवत चालू असल्याचं तिला ऐकू आलं, आणि ती ज्या तऱ्हेनं थांबली तेही. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली, आधी प्लग काढला आणि मग थोरलीकडे आली. आधी प्लगकडे गेली याचा राग थोरलीनं पुढं बरेच दिवस मनात ठेवला. धाकटीनं धुतलेला टॉवेल दोरीवरून ओढला, घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

चौदा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आणखी बोटभर आत गेलं असतं तर इथपर्यंत पोचला नसतात.

गाडीतून परत येताना धाकटीनं विचारलं, "ताई, झाकण कुणी बांधलं होतं?"

थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुकानदारानं दिलं तसंच होतं."

हे बोलताना तिला फक्त एवढंच हवं होतं की या बाईनं आपल्याला मूर्ख समजू नये. त्याचं पुढं काय होईल याचा विचार तिनं केला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी ती करवत घेऊन थेट दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिनं सगळ्यांसमोर दुकानदाराला फैलावर घेतलं. झाकण बांधून मशीन विकता, माझी जाऊ मरता मरता वाचली, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. म्हातारा माणूस उजवा कान पुढे करून ऐकत राहिला. तिचं बोलून झाल्यावर त्यानं करवत हातात घेतली, लोंबणारा दोरा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, हा मेणाचा दोरा आहे, असा दोरा माझ्या दुकानात नाही. हा काहीतरी शिवणाऱ्या माणसाचा आहे. आणि मी त्या बाईंना दोनदा सांगितलं होतं.

धाकटी घरी आली. थोरली पाय उशीवर ठेवून पडली होती. धाकटीनं दार लावून घेतलं आणि तो दोरा तिच्या चादरीवर ठेवला.

"त्या माणसाला मी चारचौघांत नाही नाही ते बोलून आले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्यासाठी."

थोरलीनं दोऱ्याकडे पाहिलं. सबबी होत्या, एक-दोन तोंडापर्यंतही आल्या. पण आपल्यासाठी कुणीतरी भर दुकानात भांडून आलंय, आणि ते आपण जिचं वाईट चिंतलं तिनंच, हे तिला सोसवेना.

"मी जळते तुझ्यावर," ती म्हणाली. "तू आलीस तेव्हापासून. न्हाणीघरातला पाइप मला ठाऊक होता, तरी सांगितला नाही."

धाकटी खुर्चीवर बसली.

"जळता ते माहीत आहे," ती म्हणाली. "पडद्याच्या दांड्या ओढून बघताना मी तुम्हाला दोनदा पाहिलंय. पाइपाचं माहीत नव्हतं." मग म्हणाली, "ते वाईट केलंत, ताई."

थोरलीला तिनं समजूत घालावी असं वाटत होतं. तिनं घातली नाही, उठून वर गेली. त्यानंतर चार दिवस ती औषधं वेळेवर आणून द्यायची, पट्टी बदलायची आणि कामापुरतं बोलायची.

टाके निघायच्या आधीच थोरली भिंतीला धरून उठली आणि हळूहळू चालत दुकानात गेली. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेली, कारण त्या माणसाचा अपमान गर्दीतच झाला होता. काउंटरपाशी उभं राहून ती म्हणाली की झाकण तिनं बांधलं होतं आणि त्यांचं नाव तिनं खोटं घेतलं. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. दुकानदारानं उजवा कान पुढे केला आणि विचारलं, काय म्हणालात? तिला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. मागे उभा असलेला रंगारी डबा खाली ठेवून ऐकायला लागला. दुकानदारानं ऐकून घेतलं, तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाला विचारलं, तुम्हाला काय हवंय?

बाक पुढच्या महिन्यात झाला. धाकटीच म्हणाली, फळ्या आणल्याच आहेत तर करून टाकू. तिनं गच्चीवर आधी थोरलीला दाखवलं की मधून कापताना फळी झुकते आणि चीर मिटून पातं चिमटीत सापडतं, म्हणून आधार असा द्यायचा की कापलेला तुकडा सुटून खाली पडेल. उभं राहायचं ते कधीही पात्याच्या मागं नाही, जरा बाजूला. पातं लाकडाच्या खाली नखभर दिसेल एवढंच ठेवायचं. पातं बदलायचं तर आधी प्लग काढायचा. आणि फिरत्या मशीनशी हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही ठेवायची नाही. तिनं एवढंही सांगितलं की डोक्यात राग असेल त्या दिवशी ती स्वतः मशीनला हात लावत नाही. कंपनीत एकदा नवऱ्याशी भांडून गेली होती, तर चहा पीत बसून राहिली आणि बोलणी खाल्ली.

थोरली मुकाट्यानं ऐकत होती. ऐकताना तिला जळायला होतच होतं, आता ते पोटातून निघून मांडीच्या व्रणात ठणकत होतं एवढाच फरक. पण धाकटीनं पेन्सिलीनं रेघ मारायला घेतली तेव्हा थोरलीला राहवलं नाही. रेघ एका टोकाला केसभर खाली जात होती. "आण इकडे," ती म्हणाली, आणि पट्टी न धरता रेघ मारली. धाकटीनं काटकोन बघायचा गुण्या लावून तपासली. रेघ बरोबर होती. त्यानंतर बाकाच्या सगळ्या खुणा थोरलीनं केल्या आणि काप धाकटीनं. शेवटचा काप तिनं थोरलीला करू दिला, स्वतः प्लगपाशी उभी राहून.

सासूबाई बाकावर बसल्या, हलवून पाहिला आणि म्हणाल्या, कुणी केला हा? दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली आणि दोघी एकदमच गप्प बसल्या. सासूबाईंनी चपला घातल्या आणि काही न विचारता बाहेर गेल्या.

थोरलीनं नंतर बॅटरीचं छोटं ड्रिल घेतलं, मनगट न दुखणारं. ते घ्यायला ती त्याच दुकानात गेली आणि या वेळी दोन मिनिटं हात लांब करून ते धरून पाहिलं. मोठी करवत वरच्या मजल्यावर धाकटीच्या पेटीशेजारी राहते. लागली तर दोघी मिळून काढतात.

मागच्या महिन्यात समोरच्या घरातल्या संगीत शिकवणाऱ्या बाई धाकटीला विचारत आल्या. त्यांना भिंतीवर मोठा आरसा लावायचा होता. धाकटी बाहेरगावी स्टॉल उभे करायला गेली होती. थोरली म्हणाली, मी येते. तिनं आधी त्या भिंतीवरचे दिव्याचे खटके बघून ठेवले, आत वायर असणार म्हणून त्यांच्या सरळ वरची जागा सोडली, चष्मा घातला आणि चार भोकं पाडून आरसा लावून दिला. बाईंनी आरशात बघत दोनदा आभार मानले.

धाकटी आल्यावर थोरलीनं हे तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी बाईंनीच रस्त्यात सांगितलं. धाकटी घरी येऊन म्हणाली, "आरसा तुम्ही लावलात म्हणे. माझी वाट बघायला हवी होती त्यांनी." बोलताना तिचा चेहरा थोडा पडला होता. थोरलीनं तो नीट पाहून घेतला आणि चहा ठेवायला आत गेली. दुपारी कुणाला न सांगता धाकटी समोरच्या घरी जाऊन आली. आरसा हलवून बघायला गेली असणार, हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती.